सरांनी लिहिलेली माझी पत्रं

सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक खडू असायचा. तो वर्गासाठी नव्हता, परतूरच्या रस्त्यांसाठी होता. बाजारातून जाताना एखाद्या पाटीवर इंग्रजी शब्द चुकलेला दिसला की सर सायकल भिंतीला टेकवत, चुकीच्या अक्षरावर बारीक काट मारत, वर बरोबर अक्षर लिहीत आणि मागं न बघता निघून जात. दुकानदारांना त्याची सवय झाली होती. एका कापडवाल्यानं तर नवी पाटी रंगवायच्या आधी पेंटरलाच सरांकडे पाठवलं. सरांनी पाटी तपासून दिली, शिवाय त्या दुकानावर चार ओळींची इंग्रजी कविताही करून दिली. ती कुठं लावायची ते मात्र कापडवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे. त्यांच्याकडे तीन भाषा होत्या आणि तिघींना कामं वाटून दिलेली होती. पुस्तकातलं सगळं इंग्रजीत. राग आला की दखनी: "क्या मियाँ, अक्कल घर पे रखके आये क्या?" आणि मराठी फक्त दुखण्याखुपण्यासाठी. सर वर्गात मराठीत बोलायला लागले की आम्ही समजून घ्यायचो, आज त्यांची कंबर धरली आहे. त्या दिवशी ते शिकवायचे नाहीत, गप्पा मारायचे. म्हणून त्यांची कंबर धरावी असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटायचं.

चुकलेलं किंवा बेढब लिहिलेलं काही त्यांना बघवत नसे. कागद समोर आला की त्यांचा हात शिवशिवायचा. अख्ख्या गावाचं लिखाण त्यांच्या हातून जायचं: रजेचे अर्ज, लग्नपत्रिका, निरोपाची भाषणं, शोकसभेचे ठराव. कॉलेजच्या शिपायाची बायको रुसून माहेरी गेली, तेव्हा त्याच्या नावानं तिला पत्रही सरांनीच लिहिलं. ती लगोलग परत आली. पण महिनाभरानं तिनं नवऱ्याला विचारलं, "तुम्ही पत्रात होते तसे घरात का न्हाई?" ही गोष्ट शिपाई स्वतःच सगळ्यांना सांगायचा आणि हसायचा. सरही हसायचे. त्यात हसण्यासारखं किती आणि विचार करण्यासारखं किती, हे तेव्हा कुणीच मोजलं नाही.

"वाक्य घराबाहेर पडताना नीट नेसलेलं पाहिजे," हे त्यांचं नेहमीचं सांगणं होतं. "उघडंवाघडं बाहेर गेलं तर अब्रू वाक्याची जात नाही, घरच्यांची जाते."

एकदा कंबर फारच दुखत होती त्या दिवशी त्यांनी सांगितलं, की ते स्वतः औरंगाबादला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभे राहून इंग्रजीत काहीतरी बोलले आणि सगळा वर्ग हसला. शिकवणारेही हसले. काय चुकलं ते कुणी सांगितलंच नाही. नंतर वर्षभर ते वर्गात तोंड उघडून बोलले नाहीत, फक्त वाचत राहिले. हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. आमच्यातलं कुणी हसलं नाही, तरी त्यांनी एकदा मागं वळून खात्री करून घेतली.

सरांनी लग्न केलेलं नव्हतं. स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांत एकटे राहायचे. संध्याकाळी फलाटावर जाऊन गाडीची इंग्रजी घोषणा ऐकायचे आणि तिच्यातल्या चुका पुटपुटत घरी यायचे.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. परतूरमध्ये इंटरनेटचं पहिलं दुकान नुकतंच निघालं होतं. मी आष्टीहून रोज कॉलेजला यायचे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षी सर औरंगाबादला प्राध्यापकांच्या कसल्याशा उजळणी वर्गाला गेले आणि तिथून एक नवीनच खूळ घेऊन आले. त्यांना तिथं पोलंडच्या एक बाई भेटल्या होत्या. त्या तिकडच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायच्या आणि वेरूळची लेणी बघायला आल्या होत्या. चहा पिताना दोघांचं ठरलं, की तुमच्या पोरांची इंग्रजी परकी, आमच्याही पोरांची परकीच, तर त्यांना इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायला लावू. इकडचा एक, तिकडचा एक, अशा जोड्या. दर आठवड्याला एक पत्र. माझं घर, माझा रस्ता, आमच्याकडचं जेवण असे साधे विषय. शेवटी दोन्हीकडच्या पोरांनी मिळून एक अंक काढायचा आणि कॅमेऱ्यासमोर बसून एकमेकांना बघायचं.

आम्हाला तर आनंदच झाला. आमच्यातल्या कित्येकांनी तोवर जालन्यापलीकडचं गाव पाहिलं नव्हतं. कॉलेजवर तपासणी समिती येणार होती, त्यामुळं प्राचार्यांनाही आनंद झाला.

ईमेलचं खातं सगळ्या वर्गात मिळून एकच होतं आणि ते सरांच्या ताब्यात होतं. आम्ही कागदावर लिहून द्यायचं, सर दुकानात जाऊन टाइप करायचे. उत्तरं आली की वर्गात उभे राहून, डोळे मिटून, कुणाला काय आलंय ते तोंडपाठ सांगायचे. ते इतकं रंगवून सांगायचे की मूळ कागद बघायला मागावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

माझं पहिलं पत्र मला अजून पाठ आहे, कारण ते चारच वाक्यांचं होतं. माझे वडील ड्रायव्हर आहेत. त्यांची एक जीप आहे. आमच्या दोन म्हशी आहेत. मला माझं घर फार आवडतं. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"थोडं नेसवावं लागेल," ते म्हणाले.

मला वाटलं, व्याकरण दुरुस्त करतील.

माझ्या जोडीला आग्नेष्का नावाची मुलगी आली होती. सरांनी वर्गात सांगितलं, की ती आईबरोबर राहते, तिच्या गावात बर्फ पडतो, तिच्याकडे मांजर आहे. मी घरी येऊन हे सगळं अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. आष्टी ते परतूर काळी-पिवळी जीप चालवायचे. त्यांना ते नाव काही म्हणता येईना. ते तिला गणेशका म्हणू लागले आणि रोज संध्याकाळी विचारू लागले, "काय म्हणती मंग गणेशका?"

पण मला सांगण्यासारखं फारसं नसायचं. बाकीच्यांची पत्रं सर पाच-पाच मिनिटं सांगायचे. माझी पाळी आली की म्हणायचे, "बरी आहे ती. तुला विचारलंय." बस, एवढंच. मला वाईट वाटायचं. वाटायचं, माझ्या म्हशींत तिला काय गोडी असणार.

त्याच दिवसांत सर बदलले. रोज चार वाजता इंटरनेटच्या दुकानात जाऊन बसायला लागले. वीज गेली तरी तिथून उठायचे नाहीत, ती यायची वाट बघत बसायचे. वर्गात रागवायचं विसरून जायचे. एका बेकरीच्या पाटीवर बिस्किटाचं स्पेलिंग चुकलेलं होतं आणि सर तिच्यासमोरून सायकलवर सरळ निघून गेले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आम्ही आपापसांत म्हणायचो, सरांची कंबर बरी झालेली दिसतेय.

कॅमेऱ्याचा दिवस ठरला तेव्हा थंडी पडली होती. प्राचार्यांच्या खोलीत कॉम्प्युटर आणून त्याला झेंडूचा हार घातला, खाली रांगोळी काढली. संस्थेचे अध्यक्ष आले, नारळ फुटला. आष्टीच्या आम्हा तिघी मुलींना अण्णांनीच जीपमधून आणलं. त्यांनी सकाळी जीप धुतली होती आणि लग्नाला घालतात ते पांढरे कपडे घातले होते. आत यायला मात्र ते तयार नव्हते. टोपी हातात घेऊन दाराशी उभे राहिले. सर पडद्याच्या बाजूला कॅमेऱ्याची वायर धरून उभे होते आणि थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम होता.

पहिला नंबर कुंभार पिंपळगावच्या एका मुलाचा होता. त्याच्या घरी मेंढरं होती, पण त्याला बोलायची हौस मोटारसायकलीबद्दल. पडद्यावरचा पोलंडचा मुलगा त्याला म्हणाला, तू डोंगरावर रात्री वाजवतोस तो पावा आम्हाला वाजवून दाखव. आमच्या मुलानं इकडंतिकडं बघितलं. त्यानं जन्मात पावा हातात धरलेला नव्हता. "नो पावा," तो म्हणाला, "बाइक." सगळे हसले, तिकडचेही हसले. सरांनी वायर या हातातून त्या हातात घेतली.

मग माझी पाळी आली.

आग्नेष्काचे केस बारीक कापलेले होते आणि अंगात जाड स्वेटर होता. मला बघितल्याबरोबर तिचे डोळे भरले. ती हळूहळू, मला कळावं म्हणून थांबत थांबत बोलत होती. या दिवसाची मी किती वाट बघत होते, असं काहीतरी. तुझ्या पत्रांमुळं मी हा हिवाळा काढला, असंही काहीतरी. मला अर्धंच समजत होतं. मी मान हलवत होते, हसत होते आणि मनात पाठ करून आणलेलं एक वाक्य घोकत होते. ती थांबली तशी मी बाजूला सरकले, दाराकडे हात केला आणि म्हटलं, "धिस इज माय फादर."

अण्णांनी तिथूनच कॉम्प्युटरला हात जोडले.

तिला आधी कळलंच नाही. मग ती अण्णांकडे बघत राहिली. "नो," ती म्हणाली आणि एकेक शब्द सुटा सुटा बोलली, "युवर फादर इज डेड."

एवढं इंग्रजी त्या खोलीत सगळ्यांना येत होतं. अण्णांची शाळा तिसरीतच सुटलेली, पण जीपच्या बॅटरीमुळं 'डेड' हा शब्द त्यांना चांगला माहीत होता. त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. ते माझ्याकडे बघायला लागले. प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले, अध्यक्ष, मुली, सगळेच. आणि पडद्यातून ती विचारत होती, तूच लिहिलंस ना, तूच लिहिलंस ना मला. मी काय केलंय ते मला माहीत नव्हतं, तरी काहीतरी फार घाण केलंय एवढं मात्र नक्की वाटत होतं. कान तापले होते. अण्णांकडे बघायची हिंमत होईना, तिच्याकडे बघायची होईना. मी सरांकडे बघितलं.

सरांनी वायर खाली ठेवली. पडद्यासमोर येऊन वाकले. अख्ख्या परतूरच्या पाट्या दुरुस्त करणारा तो माणूस म्हणाला, "शी नो राइट. आय राइट. ऑल, आय."

आग्नेष्कानं त्यांच्याकडे बघितलं. पांढऱ्या खुंटांची दाढी, खिशात पेन, खडू. मग एकदा माझ्याकडे बघितलं. कानावरचा हेडफोन काढून तिनं टेबलावर ठेवला आणि उठून गेली. पडद्यावर नुसती खुर्ची दिसत राहिली. ती कशी बंद करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी तिकडच्या बाई घाईघाईनं आल्या, काहीतरी बोलल्या आणि पडदा काळा झाला.

"झालं का?" अध्यक्ष म्हणाले. "मंग च्या आणा."

नंतरचे दिवस फार वाईट गेले. गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही आणि पसरताना ती आणखी घाणेरडी होत गेली. पन्नाशीचा माणूस पोरीच्या नावानं पोरीला पत्रं लिहितो, याचे लोकांनी हवे ते अर्थ काढले. पोरं कट्ट्यावर बसून सरांची नक्कल करायची. माझ्या अंगावरूनही नजरा फिरायच्या, जणू मी त्यात सामील होते. प्राचार्यांनी सरांकडे लेखी खुलासा मागितला. आजवर कॉलेजातल्या सगळ्यांचे खुलासे सरांनी लिहून दिले होते, दोन-दोन पानी, वाचणाऱ्याचं मन विरघळावं असे. स्वतःच्या खुलाशात त्यांनी 'मी चुकलो' एवढंच लिहिलं. मग ते रजेवर गेले.

जीपमधली माणसं अण्णांची चेष्टा करायची. वर स्वर्गात डिझेलचा काय भाव चालू आहे, असं विचारायची. अण्णा हसून सोडून द्यायचे. पण एकदा कुणीतरी मागच्या सीटवरून माझ्याबद्दल बोललं, की पोरीनंच बाप मारला असेल, मास्तर उगाच अंगावर घेतोय. अण्णांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली, त्या माणसाला उतरवलं आणि एक शब्द न बोलता पुढं निघाले. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मला म्हणाले, "चल, सराकडं जाऊन येऊ."

दार सरांनीच उघडलं. अण्णांना बघून ते मागं सरकले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांना अण्णांचा चेहरा ओळखीचा होता. आठवडी बाजाराला सर आष्टीला यायचे तेव्हा अण्णा त्यांना पुढच्या सीटवर बसवायचे. हे माझे वडील, हे कॅमेऱ्याच्या दिवसापर्यंत सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"बसा सर," अण्णा म्हणाले, जसं ते अण्णांचंच घर होतं. "मेलेल्या माणसाला एवढं काय भ्यायचं."

सर बसले नाहीत. अण्णा खाली सतरंजीवर बसले, मला बसवलं, टोपी गुडघ्यावर ठेवली. "मी भांडायला न्हाई आलो. फक्त एवढं सांगा, मला कामून मारलं?"

सरांनी दार लोटून घेतलं. मग मराठीत बोलायला लागले, कंबर दुखत नसताना. आग्नेष्काचे वडील आदल्या वर्षी वारले होते, ते म्हणाले. तिनं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, की घराबद्दल काही लिहावंसं वाटत नाही, कारण वडिलांचा कोट अजून दाराशी टांगलेला आहे. "याला उत्तर म्हणून आमच्या दोन म्हशी आहेत, असं कसं पाठवायचं? मी लिहिलं, माझेही वडील गेलेत. एका ओळीपुरतं लिहिलं. तिचं उत्तर आलं चार पानांचं. मग मला थांबता आलं नाही."

"पण मंग ते कोणाचे वडील होते?" अण्णांनी विचारलं.

"माझे." सर पहिल्यांदा खाली बसले. "मी चौथीत होतो. मला मामाकडे पाठवलं होतं. परत आलो तोवर सगळं आटोपलेलं. घरात कुणी त्यांचं नाव काढेना. दाराशी चपला तशाच होत्या. आई रोज झाडताना त्या उचलायची आणि झाडून झालं की परत जागेवर ठेवायची. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. या पोरीला सांगता आलं. ती समजून घ्यायची."

"तुमच्या नावानं का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली. पन्नाशीचा माणूस चपला आठवून रडतो, असं कसं लिहायचं. तुमच्या मुलीचं वय बराबर बसत होतं."

अण्णा टोपीवरून हात फिरवत राहिले.

"सर," ते म्हणाले, "तुमची लाज तुम्ही माझ्या पोरीच्या अंगावर घातली."

सरांनी मान वर केली नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मला त्यांचा राग होता, तो तसाच होता. पण आपल्या मास्तरांना असं बघायची वेळ यावी याचीच मला शरम वाटायला लागली. मी भिंतीकडे बघत बसले.

निघताना अण्णा म्हणाले, "आता तुमचं तुम्ही लिहा, तुमच्या नावानं. अन् हिचं हिला लिहू द्या. बिलकुल हात लावू नका. ती पोरगी वाचो न्हाई तर ना वाचो."

सरांनी मला खात्याचा पासवर्ड सांगितला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन ती सगळी पत्रं वाचली. माझ्या नावाखाली लिहिलेली. अर्थ लावायला शब्दकोश लागत होता, पण ती सुंदर होती, हे मला त्या वयातही कळलं. त्यातल्या मुलीला आपल्या वडिलांच्या चालण्याचा आवाज आठवत होता, पाणी प्यायची तऱ्हा आठवत होती, ते खोकायच्या आधी किती थांबायचे तेसुद्धा आठवत होतं. माझे वडील रोज दोन तास माझ्यापुढं बसून जीप चालवायचे, आणि ते पाणी कसं पितात हे मला सांगता आलं नसतं. मी त्यांच्याबद्दल दोनच वाक्यं लिहिली होती. दुकानात गर्दी होती. मी पडद्याकडे तोंड करून रडून घेतलं.

मग मी आग्नेष्काला लिहिलं, की पत्रं माझी नाहीत, माझे वडील जिवंत आहेत, तुझ्या वडिलांबद्दल मला आत्ताच कळलं, मला फार वाईट वाटतं. चुका होत्याच. सर मधेच येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले होते. माझं होईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. एकदा त्यांचा हात पुढं आला, कळफलकाच्या जरा अलीकडे थांबला आणि परत मांडीवर गेला. माझं पत्र गेल्यावर त्यांनी स्वतःचं लिहिलं. ते मी वाचलं नाही. पण एरवी झरझर टाइप करणाऱ्या सरांना त्या दिवशी एकेक अक्षर शोधावं लागत होतं.

आठवडे गेले. तिकडच्या बाईंचं प्राचार्यांना दोन ओळींचं पत्र आलं, की हा उपक्रम आम्ही थांबवत आहोत. अंक निघाला नाही. मी आशा सोडून दिली होती. मग परीक्षेच्या सुमाराला आग्नेष्काचं पत्र आलं, माझ्या नावानं. ती रागावलीच होती. तिनं लिहिलं होतं, की या पत्रांतली किती वाक्यं मी आईला वाचून दाखवली, आता आईला काय सांगू. पण शेवटी तिनं विचारलं होतं, की तुझे वडील खरोखर जीप चालवतात का, आणि त्या जीपमध्ये एका वेळी किती माणसं बसतात. अण्णांना मी तो आकडा विचारला, तर ते म्हणाले, खरा आकडा लिहू नको, पोलिसात दिलं तर काय घ्या.

आमचं लिहिणं चालू राहिलं, कधी महिन्यानं, कधी सहा महिन्यांनी. सरांच्या पत्राला मात्र तिनं उत्तर दिलं नाही. कधीच दिलं नाही. माझ्या पत्रातही त्यांचं नाव काढलं नाही.

सर रजेवरून परत आले, शिकवू लागले, पण खिशात खडू दिसला नाही. कुणी अर्ज लिहून मागितला तर म्हणायचे, तुझा तू लिही, मी कागद देतो. लोकांना तो गर्व वाटला. निवृत्तीच्या समारंभात सगळे त्यांच्या भाषणाची वाट बघत होते. ते उठले, हात जोडले आणि बसले.

पुढं मला शाळेत नोकरी लागली, मी जालन्याला राहायला गेले. काही वर्षांनी एक दिवस अण्णांचा फोन आला, की सरांना तुमच्या जालन्यातच दवाखान्यात ठेवलंय, जाऊन ये. मी दुपारी शाळा सुटल्यावर गेले. ते फार वाळले होते. एक पुतण्या होता, तो मला बघून चहा प्यायला बाहेर गेला. सरांनी शाळेचं विचारलं, अण्णांचं विचारलं. मग छताकडे बघत म्हणाले, "ती लिहिते का अजून?"

"लिहिते ना सर. तिचं लग्न झालं. मुलगी आहे."

"माझ्याबद्दल काही?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मला एक वाक्य सुचलं होतं. तिनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय, ती म्हणते त्या पत्रांनी मला आधार दिला. दुसरा भाग तर खराच होता, तिनं तो त्या दिवशी पडद्यातून स्वतः सांगितलेला. सरांनी विश्वास ठेवला असता. त्यांना बरं वाटलं असतं. कुणालाच काही कळलं नसतं.

"नाही सर," मी म्हटलं. "तुमच्याबद्दल काही नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांचा हात चादरीवर होता. माझी मलाच लाज वाटायला लागली, की एवढ्या आजारी माणसाला एक वाक्य द्यायला काय जात होतं.

"तुझं इंग्रजी कसं आहे आता?" त्यांनी विचारलं.

"शिकवते सर. पण लिहिताना अजून चुकतं."

"चुकू दे," सर म्हणाले.